खाण बंद झाली की नुकसानही थांबतं का?

गारगोटी
खाणींवरून वाद होतो तो बहुतेक वेळा त्या सुरू होण्याआधी. झाडं किती जाणार, माणसं किती उठणार, काम किती जणांना मिळणार. मला शेवटाबद्दल विचारायचंय. खनिज संपलं किंवा भाव पडला, कंपनीने गाशा गुंडाळला. मग पुढे काय?

सर्वसाधारण समज असा दिसतो की सुरुंग थांबले, डंपर थांबले, आता चार पावसाळ्यांत हिरवळ येईल आणि खड्ड्याचं छान तळं होईल. पण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ब्यूट इथे बर्कली पिट नावाची तांब्याची उघडी खाण आहे, तिच्याबद्दल वाचलं आणि हे गणित जुळेना. खाण १९८२ मध्ये बंद झाली. पंप थांबवले, पाणी चढत गेलं. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये स्थलांतर करणाऱ्या हिमहंसांचा थवा त्या तळ्यावर उतरला आणि ३४२ पक्षी मेलेले सापडले. खाणकाम थांबून तोवर तेरा वर्षं झाली होती!

तर जाणकारांनी सांगावं: बंद खाणीतलं पाणी असं का होतं, सगळ्याच खाणींत होतं का, किती वर्षं चालतं, आणि खर्च शेवटी कोणाच्या डोक्यावर बसतो? राजकारण टाळता आलं तर बरं.

टवाळ
खाणीचा धागा आणि राजकारण टाळायचं? शंभरी गाठायचा विचार दिसत नाही तुमचा. मी आपला कुंपणावर जागा धरून बसतो. (हलकं घ्या.)

मूलद्रव्य
पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका खनिजात आहे, पायराइट. लोह आणि गंधक. दिसायला सोन्यासारखं, म्हणून भल्याभल्यांना फसवलेलं. तांबं, जस्त, शिसं, बऱ्याचदा सोनं आणि पुष्कळ ठिकाणी कोळसासुद्धा याच्या संगतीत सापडतो.

जमिनीखाली हवा पोचत नाही तोवर पायराइट कोट्यवधी वर्षं गपगुमान पडून असतो. खाणकामात आपण तो खडक फोडतो, दळतो. एका अखंड कातळाचे तुकडे केले की हवा लागणारा पृष्ठभाग किती पटींनी वाढतो याचा विचार करा. हवा आणि पाणी मिळालं की पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळलेलं लोह तयार होतं. इथवर काम संथ असतं. पण आम्लात मजेत जगणारे काही जिवाणू त्या लोहाला फेरिक रूपात नेतात, आणि हे फेरिक लोह स्वतःच पुढच्या पायराइटवर तुटून पडतं. म्हणजे पाणी जितकं आम्लधर्मी होईल तितकी प्रक्रिया जोरात चालते. मग ते आम्ल वाटेत भेटेल ते विरघळवत जातं: तांबं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक.

कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीच्या आत पाण्याचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जहाल) उणे ३.६ मोजला गेलाय. शाळेत आपल्याला ० ते १४ शिकवतात, त्याच्याही खाली. तिथलं खाणकाम १९६३ मध्येच थांबलंय.

सगळ्याच खाणींत असं होत नाही. आजूबाजूला चुनखडी असेल तर आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. हेमाटाइटसारख्या लोहखनिजात गंधक जवळपास नसतोच, तिथे त्रास गाळाचा. बॉक्साइटचा प्रश्न आणखी वेगळा: खाणीत आम्ल नाही, पण त्यातून अॅल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखल उलट टोकाचा, जहाल अल्कधर्मी. हंगेरीत आयका इथे ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचा बांध फुटला. दहा माणसं गेली, आणि वाचलेल्यांच्या अंगावर भाजल्यासारख्या जखमा झाल्या होत्या.

चष्मिश
नदी केशरी दिसते ती यामुळेच का? फोटो पाहिलेत, पण फोटोंत रंग चढवलेत असंच वाटायचं.

मूलद्रव्य
हो, यामुळेच. उगमाजवळ पाणी कधीकधी काचेसारखं नितळ असतं, कारण लोह विरघळलेलं असतं. खाली एखादा चांगला ओढा येऊन मिळाला की आम्ल सौम्य होतं आणि लोह साक्याच्या रूपात खाली बसतं. संगमाच्या अलीकडे नितळ आणि पलीकडे केशरी. दगडांवर शेंदूर थापल्यासारखा थर बसतो, आणि दगडाखाली राहणारे किडे, माशांची अंडी त्याखाली गुदमरतात. त्यामुळे नितळ म्हणजे चांगलं असं समजू नका. स्पेनमधली रिओ तिंतो लालभडक दिसते, तिच्या खोऱ्यात सुमारे पाच हजार वर्षांपासून धातू काढताहेत. मेघालयातली लुखा हिवाळ्यात चक्क निळी होते. कोळशाच्या खाणींतलं आम्ल तिथलाही मोठा संशयित आहे.

रात्रपाळी
भूमिगत कोळसा खाणीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. मूलद्रव्यांनी रसायन सांगितलं, मी पंपाचं सांगतो.

खाण चालू असते तेव्हा आमचं निम्मं भांडण पाण्याशी असतं. तळाच्या समपमध्ये, म्हणजे खड्ड्यात, पाणी गोळा करायचं आणि टप्प्याटप्प्याने वर फेकायचं. पंप दोन पाळ्या बंद राहिला तर खालच्या गॅलऱ्यांत गुडघाभर पाणी. हे वर्षानुवर्षं चालल्यामुळे आसपासची भूजल पातळी खाली गेलेली असते आणि बोगद्यांच्या भिंतींना हवा लागत असते. त्या भिंतींवर पांढरे, पिवळे, हिरवट क्षार फुटतात. हात लावला तर पिठासारखे निघतात, आणि तो हात चुकून डोळ्याला लागला तर रडवतात.

खाण बंद झाली की पंप काढतात. पाणी चढायला लागतं आणि वर्षानुवर्षांचे ते क्षार एका झटक्यात धुऊन घेतं. म्हणून पहिल्यांदा बाहेर येणारं पाणी सगळ्यात वाईट. पुढे काही वर्षांनी ते थोडं सुधारतं, पण साफ क्वचितच होतं. पाणी नेमकं कुठून फुटेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जुने नकाशे अर्धवट असतात, आणि नकाशात नसलेला एखादा जुना बोगदा हमखास निघतो.

दुसरं म्हणजे जमीन खचणं. जर्मनीच्या रूर भागात दीडशे-दोनशे वर्षं कोळसा काढला. काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून जास्त खाली गेलीय, अख्ख्या वस्त्यांसकट. शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, पण पंप चालूच आहेत आणि ते कधीच बंद करता येणार नाहीत. केले तर मोठा भाग पाण्याखाली जाईल. त्यासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान काढून निधी उभारला आणि त्याच्या उत्पन्नातून हा कायमचा खर्च चालतो. गारगोटींच्या 'किती वर्षं' या प्रश्नाचं त्यांच्यापुरतं उत्तर 'कायम' असं आहे.

टवाळ
म्हणजे कोळसा दोनशे वर्षं आणि पंप यावच्चंद्रदिवाकरौ. ताम्रपटावर कोरून द्या.

उलटतपासणी
धागा चांगला चाललाय, पण सूर एकतर्फी होतोय. दोन गोष्टी.

एक, हे सगळं आपण ज्यावर टंकतोय त्यात तांबं, सोनं, कोबाल्ट, लिथियम, टँटलम सगळं आहे. खाणी नकोत म्हणणाऱ्याने आधी घरातली वायरिंग उपसून दाखवावी.

दोन, जगातल्या सगळ्या खाणी मिळून जमिनीचा एक टक्काही व्यापत नाहीत. शेती आणि चराऊ कुरणं किती व्यापतात ते बघा. जंगल तुटण्याचं मुख्य कारण आजही शेती आहे. मग खलनायक म्हणून प्रत्येक वेळी खाणच का?

झरा
@उलटतपासणी, खाणी नकोत असं या धाग्यावर अजून कोणीच म्हटलेलं नाही. :)

पण क्षेत्रफळाचा मुद्दा घेऊ, कारण तो नेहमी येतो. मी भूजलावर काम करते. आमच्याकडे 'खाण किती हेक्टर' हा शेवटून दुसरा प्रश्न असतो. आधीचे प्रश्न: खाण खोऱ्यात कुठे आहे, वर की खाली? भूजल पातळीच्या खाली जाते का? खनिज काढून उरलेला दळलेला गाळ कुठे साठवणार?

ब्राझीलमध्ये ५ नोव्हेंबर २०१५ ला मारियानाजवळ फुंदाओ नावाचा गाळाचा बांध फुटला. बांध नकाशावर बोटाने झाकता येईल एवढा. गाळ मात्र दोसे नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत अटलांटिक महासागरापर्यंत गेला. १९ माणसं गेली, वाटेतल्या शहरांचं पिण्याचं पाणी गेलं. हे सगळं आता कोणत्या हेक्टरांत मोजणार?

आणि मूळ धाग्याला धरून: त्याच राज्यात २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमाजिन्यूचा बांध फुटला, २७० बळी. त्या बांधात २०१६ पासून गाळ टाकणं बंद होतं. कागदोपत्री निष्क्रिय. फुटला त्या क्षणाचं चित्रण उपलब्ध आहे: बांधाची पुढची भिंत एका जागी फुगते आणि काही सेकंदांत सगळा उतार पातळ होऊन खाली येतो. कंपनीचं कार्यालय आणि भोजनगृह बरोबर पायथ्याशी होतं, वेळ दुपारच्या जेवणाची.

चष्मिश
घन ढीग अचानक पातळ कसा होतो? भूकंप झाला होता का?

झरा
भूकंप नाही, स्फोटही नाही. खनिज वेगळं काढायला खडक मैद्यासारखा दळतात. उरलेला गाळ पाण्यासकट तलावात सोडतात. तिथला बांध 'अपस्ट्रीम' पद्धतीचा होता, म्हणजे पुढचा प्रत्येक टप्पा आधी साठलेल्या गाळावरच रचत आत आत जायचं. सगळ्यात स्वस्त पद्धत. गाळातलं पाणी निचरून गेलं तर तो उभा राहतो. निचरा नीट नसेल, पाऊस झिरपत राहिला, तर कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो. एका मर्यादेनंतर कण एकमेकांना टेकून राहत नाहीत, पाण्यात तरंगतात. त्या क्षणी तो ढीग ढीग उरत नाही, द्रव होतो. या दुर्घटनेनंतर ब्राझीलने अपस्ट्रीम बांधांवर बंदी घातली आणि २०२० मध्ये गाळबांधांसाठी एक जागतिक मानक आलं. पण आधी बांधलेले जगभर उभेच आहेत.

रात्रपाळी
झराताईंच्या प्रतिसादाला जोडून: आम्हाला शिकवताना एबरफानचं उदाहरण देत. वेल्स, २१ ऑक्टोबर १९६६. कोळशाच्या खाणीचा टाकाऊ मालाचा ढीग डोंगरावर झऱ्याच्या तोंडावरच रचला होता. पावसाने भिजून सुटला तो थेट शाळेवर. १४४ गेले, त्यातली ११६ मुलं. झरा नकाशावर दाखवलेला होता. ढीग कुठे रचायचा हे ठरवताना नकाशा कोणी उघडला नाही.

मुक्ता_श
एवढ्या मोठ्या खाणींचा अनुभव नाही, पण घरामागे दगडाची खाण आणि खडी क्रशर बरीच वर्षं होतं. दुपारी भोंगा झाला की खिडक्या लावायच्या, मग जमीन हादरायची. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता यायचं. रस्त्यावर टँकरने पाणी मारणं नियमात होतं, प्रत्यक्षात तपासणीच्या दिवशीच टँकर दिसायचा.

खाण जसजशी खोल गेली तसतशी आसपासच्या विहिरींची पाणी पातळी उतरली. कंपनी म्हणायची पाऊस कमी झाला. गंमत म्हणजे खाण बंद पडल्यावर दोनेक वर्षांत पाणी परत आलं, पाऊस तेवढाच असताना! म्हणजे काही नुकसान भरूनही येतं, हेही नोंदवते. मूलद्रव्य म्हणतात तसं दगडात गंधक नसावा, पाणी चांगलं निघालं.

आता त्या खड्ड्याचा नवाच ताप आहे. रात्री गाड्या येऊन राडारोडा आणि कचरा ओतून जातात.

झरा
@मुक्ता_श, हे अगदी नमुनेदार उदाहरण आहे. आणि कचऱ्याचं फार गांभीर्याने घ्या. खाण भूजल पातळीच्या खाली गेली होती म्हणता, म्हणजे तो खड्डा म्हणजे उघडं पडलेलं भूजल आहे. जमिनीवर टाकलेल्या कचऱ्याचं पाणी माती थोडंफार गाळते. इथे मधे मातीच नाही. शक्य असेल तर विहिरीच्या पाण्याची चाचणी आत्ताच करून आकडे लिहून ठेवा. नंतर भांडायची वेळ आली तर 'आधी पाणी कसं होतं' याचाच पुरावा नसतो.

सूर्यफूल
थोडं अवांतर. बॅटरीवरच्या गाड्यांसाठी खाणी वाढणार, म्हणून त्या कोळशाइतक्याच वाईट असा प्रचार चालतो, त्याचं काय? जगात वर्षाला आठ अब्ज टनांहून जास्त कोळसा निघतो. लिथियम फक्त काही लाख टन. तुलना तरी कसली?

रात्रपाळी
तयार मालाचं वजन मोजू नका हो, उपसलेलं मोजा. तांब्याच्या खनिजात हल्ली तांबं अर्धा-पाऊण टक्का असतं. टनाला पाच-सात किलो. सोनं टनात एखादा ग्रॅम असलं तरी खाण चालते. बाकी सगळं गाळ म्हणून मागे राहतं, आणि खनिजापर्यंत पोचायला वरची जी माती-दगड हलवतो, ज्याला आम्ही ओबी म्हणतो, ते त्यात धरलेलंच नाही. चांगली खनिजं आधी संपतात, त्यामुळे दर पिढीला त्याच किलोभर तांब्यासाठी जास्त खडक दळावा लागतो, जास्त पाणी, जास्त वीज.

तरीही सूर्यफूल यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, आणि मी कोळशाचं मीठ खाल्लेला माणूस आहे. कोळसा जाळला की संपला, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच हवा. तांबं एकदा काढलं की वितळवून पुन्हा वापरता येतं. अॅल्युमिनियमचं तर बॉक्साइटपासून करायला लागते त्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत भंगारापासून होतं.

वाळूचा_कण
वजनावरच चाललंय तर माझंही घ्या. जगात सगळ्यात जास्त उपसा कोळशाचा नाही, तांब्याचा नाही. वाळू आणि खडीचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज वर्षाला सुमारे ५० अब्ज टन. नदीतली वाळू काढली की पात्र खोल जातं, पुलांचे पाय उघडे पडतात, भूजल उतरतं, समुद्राकडचं खारं पाणी आत सरकतं. आणि वाळवंटातली वाळू वाऱ्याने गोल गुळगुळीत झालेली, काँक्रीटला धड चालत नाही. खाण म्हटलं की डोळ्यासमोर खड्डा येतो, म्हणून वाळूचा उपसा कोणी खाणकामात मोजतच नाही.

टवाळ
सदस्यनाम बघता हितसंबंध जाहीर करायला हवे होते.

उलटतपासणी
मग समुद्रतळाचे गोटे का नकोत? जंगल नाही, वस्ती नाही, आम्ल नाही. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं एकाच गोळ्यात. नुसते वेचायचे.

झरा
ते बटाट्याएवढे गोटे दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि त्या चिखलात टणक आधार म्हणून तेवढेच असतात. कित्येक जीव त्यांनाच चिकटून जगतात. पेरूजवळच्या समुद्रतळावर १९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी मुद्दाम नांगर फिरवून बघितला होता. २०१५ मध्ये परत गेले तेव्हा नांगराचे चर स्पष्ट दिसत होते आणि जीवसृष्टी पूर्ववत झालेली नव्हती. जमिनीवर वाईट आहे म्हणून समुद्रात चांगलं असेल, असं होत नाही. निदान जमिनीवर काय बिघडतंय ते आपल्याला दिसतं.

उलटतपासणी
मान्य नाही. पर्याय कशाला आहे, हे बघायला नको का? जंगलाखालचं निकेल काढायचं की समुद्रतळाचं, असा प्रश्न असेल तर दोन्हींचं नुकसान एका तराजूत घालायला हवं. 'गती कमी आहे' एवढ्यावर नकार देता येत नाही. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

बरं, जुना गाळ पुन्हा दळून उरलेला धातू काढला तर? जुन्या काळचं तंत्र कच्चं होतं, गाळात धातू शिल्लक आहे. धातूही मिळेल, सफाईही होईल.

मूलद्रव्य
कल्पना चांगली आहे आणि काही ठिकाणी चालतेही. बर्कली पिटच्या पाण्यातूनच तांबं काढलंय: ते पाणी लोखंडाच्या भंगारावरून सोडायचं, लोह विरघळतं आणि तांबं बसतं. शाळेतला प्रयोग, फक्त राक्षसी आकारात. पण रोमेनियात बाया मारे इथे जुन्या गाळातलं सोनं सायनाइडने काढत होते, आणि ३० जानेवारी २००० च्या रात्री त्यांचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी तिसा नदीत आणि तिथून डॅन्यूबमध्ये गेलं. हंगेरीत हजार टनांहून जास्त मासे मेले.

तरी सायनाइड उन्हाने, हवेने बऱ्यापैकी विघटित होतं. पारा होत नाही. छोट्या प्रमाणावर सोनं काढणारे पाऱ्यात सोनं धरतात आणि तो गोळा तव्यावर तापवतात. पारा वाफ होऊन उडतो, बहुतेकदा घरातच. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा स्रोत आज हाच आहे, कोळसा जाळणं त्याच्यामागे. पाऱ्यावर २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, पण पोटासाठी सोनं धुणाऱ्याला कराराने काय फरक पडतो.

टवाळ
विषातूनसुद्धा तांबं काढून विकलं. धंदा शिकावा तर यांच्याकडून.

गारगोटी
सगळ्यांचे आभार, भरपूर कळलं. पण शेवटचा प्रश्न राहिलाच. खर्च कोण करतं? रूरसारखा निधी सगळीकडे असतो का?

रात्रपाळी
नसतो. रूरला कोळशाच्या कंपन्यांचे धडधाकट रासायनिक उद्योग होते, त्यातून निधी उभा राहिला. बाकी ठिकाणी खाण ही स्वतंत्र छोटी कंपनी असते. खनिज संपलं की तिच्याकडे खड्ड्याशिवाय काही उरत नाही. दिवाळं काढायला तेवढं पुरतं.

कॅनडात यलोनाइफजवळची जायंट माइन बघा. सोन्याचं खनिज भाजताना आर्सेनिकची धूळ उडायची. ती पकडून जमिनीखालच्या कोठ्यांत भरली. २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड, पाण्यात विरघळणारं, मोठ्या तलावाच्या काठावर. कंपनी १९९९ मध्ये बुडाली, जबाबदारी सरकारवर आली. आता भोवतालची जमीन कायमची गोठवून ठेवायचं चाललंय. अंदाजे खर्च चार अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर, आणि तो करदात्यांचा.

मुक्ता_श
बापरे. म्हणजे सोनं विकून झालं, ज्यांनी घेतलं त्यांनी घातलं, आणि ती धूळ अजून राखत बसायचं.

झरा
यावर उपाय म्हणून बऱ्याच देशांत परवानगी देतानाच अनामत ठेवून घेतात. भारतात कोळसा खाणींसाठी २००९ पासून एस्क्रो खात्याची, म्हणजे खाण बंद करायच्या खर्चाचे पैसे वेगळे अडकवून ठेवायची, अट आहे. गोम अनामत किती, यात असते. कोलोरॅडोतली समिटव्हिल ही सोन्याची खाण काही वर्षांतच बुडाली, १९९२ मध्ये मालक निघून गेले. अनामत सफाईच्या खर्चापुढे नगण्य होती. हिशेब करताना सपाटीकरण आणि झाडं धरतात, पाणी शुद्धीकरण धरत नाहीत. झाडं एकदा लावायची असतात. आम्ल मारायचा चुना रोज टाकावा लागतो.

चष्मिश
यशस्वी झालेलं एकही उदाहरण नाही का? फारच निराशाजनक चाललंय.

झरा
आहेत. वरची माती वेगळी काढून लगेच दुसरीकडे पसरली तर तिच्यातलं बी, बुरशी जगतात आणि जंगल खरोखर परततं. तीच माती दोन-तीन वर्षं ढीग करून ठेवली की मेलेली असते, मग तिच्यावर काहीही लावा. कोळशाच्या जुन्या बोगद्यांचं पाणी चुनखडीच्या चरांतून आणि लव्हाळ्यांच्या कृत्रिम पाणथळीतून सोडून सुधारल्याची उदाहरणंही पुष्कळ आहेत, पण पाणी थोडं आणि आम्ल सौम्य असेल तरच.

पूर्व जर्मनीत लुसातियामध्ये लिग्नाइटच्या खड्ड्यांची सरोवरं केलीत. होड्या, सायकलमार्ग, पर्यटक. तिथेही काही तळ्यांवर चुना फवारणारी जहाजं फिरवावी लागतात, आणि स्प्रे नदीत लोहाचा तपकिरी गाळ उतरतोच. यश म्हणायला माझी हरकत नाही. फक्त त्या फोटोत चुन्याचं जहाजही असावं.

गारगोटी
समजा एखाद्या नव्या खाणीची जनसुनावणी आहे आणि अहवाल हातात आलाय. चारशे पानं. आमच्यासारख्याने नेमकं काय बघावं?

झरा
झाडं किती लावणार हे पान आधी उलटून टाका. खडकाची आम्ल चाचणी किती नमुन्यांवर केली ते बघा. प्रचंड साठ्यासाठी दहा-बारा नमुने असतील तर तिथेच थांबवा. चाचणी नुसती खनिजाची नको, ओबीची आणि गाळाचीही हवी. दमट हवेत खडक ठेवून दर आठवड्याला निचरा मोजायची एक चाचणी असते, ती किती आठवडे चालवली ते विचारा. काही खडक सुरुवातीला महिनोन्‌महिने सभ्य वागतात, त्यांच्यातला चुना संपला की आम्ल सुटतं. मग गाळबांधाची पद्धत, त्याच्याखाली कोण राहतं, आणि पंप बंद केल्यावर पाणी कुठे फुटणार याचा नकाशा. अनामतीच्या हिशेबात पाणी शुद्धीकरण किती वर्षांचं धरलंय, हे लेखी मागा.

उलटतपासणी
आणि उत्तर 'शंभर वर्षं' आलं तर? अशा खाणीला परवानगीच नको असं म्हणणं आहे का?

झरा
हो, माझं म्हणणं तेच आहे, आणि ते काही अतिरेकी नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचा १९९३ चा खाण कायदा नव्या खाणींना हीच अट घालतो: बंद झाल्यावर कायमच्या देखभालीशिवाय पर्यावरणाचे निकष पाळता आले पाहिजेत.

रात्रपाळी
अट चांगली आहे, पण ती पाळली जाईल हे सिद्ध होतं कागदावर, गणिती प्रारूपाने, खाण सुरू व्हायच्या आधी. अमेरिकेतल्याच २५ खाणींचे आधीचे अंदाज आणि प्रत्यक्षात निघालेलं पाणी २००६ मध्ये कोणी ताडून पाहिलं होतं. सुमारे तीन-चतुर्थांश खाणींत पाणी मर्यादेबाहेर गेलं. परवानगीच्या वेळी त्यातल्या बहुतेकांनी उपाययोजना केल्यावर काही होणार नाही असंच लिहून दिलं होतं.

उलटतपासणी
हे वाचायला हवं. तांबं मला तरीही लागणारच आहे, त्यामुळे माझा प्रश्न 'कुठून' हाच राहतो. पण नमुन्यांची संख्या आणि अनामत, या दोन्हींवर मी झरा यांच्या बाजूने आहे.

मुक्ता_श
@झरा, विहिरीच्या पाण्याची चाचणी करायची तर कशाकशाची सांगायची? प्रयोगशाळेवाले यादी मागताहेत.

झरा
पीएच, वाहकता, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया आणि सीओडी (पाण्यात सेंद्रिय घाण किती याचं माप) नक्की. जमलं तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक. धातूंसाठी वेगळी बाटली आणि त्यात आम्लाचे थेंब घालावे लागतात, ती बाटली त्यांच्याकडूनच घ्या. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, एकाच विहिरीतून.